मृतांची कैफियत

मनुष्य मेला म्हणजे त्याच्या आप्तांपुरते एक जग मावळते. परंतु सरकारी दप्तरात त्या मावळण्याची नोंद एका लहानशा रकान्यात आणि तीही एकाच शब्दात करावी लागते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हे शब्द पाच आहेत: नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, मनुष्यवध आणि अनिर्णित. जो अंमलदार या पाचांतून एक शब्द निवडून त्याखाली आपली सही करतो, त्याला कोरोनर म्हणतात. आपल्याकडील जुन्या पिढीला हे पद अपरिचित नाही. १८७१ च्या कायद्यान्वये मुंबई आणि कलकत्ता या दोन शहरांत कोरोनर नेमले जात, आणि संशयास्पद मृत्यू घडला की साक्षीदारांच्या जबान्या घेऊन मृत्यूचे कारण ठरविण्याचे काम त्यांच्या कचेरीत चाले. पुढे आपल्याकडून ते पद गेले. इंग्रजी कायद्याचाच वारसा लाभलेल्या कॅनडात ते टिकले, आणि त्या देशाच्या दूरचित्रवाणीवरील दोन थोर गुन्हेमालिकांना नायक पुरविण्याचे श्रेयही त्याच पदाकडे गेले. या दोन मालिकांच्या प्रारंभांत बत्तीस वर्षांचे अंतर आहे. एक टोरांटोची, दुसरी त्याच्यापासून हजारो मैल दूर, पॅसिफिकच्या काठावरील व्हँकूव्हरची. तरीही ज्या दोन हाडामांसाच्या कोरोनरांवरून त्या बेतल्या गेल्या, त्या दोघांचेही आयुष्य शेवटी कचेरीतून निघून निवडणुकीच्या रणांगणात जाऊन पोहोचले. या साम्याला केवळ योगायोग म्हणून सोडून देणे मला पटत नाही, आणि म्हणूनच ही हकिकत मुळापासून सांगितली पाहिजे.

आधी त्या पदाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. कोरोनर साक्षीदारांना समन्स काढू शकतो, कागदपत्रे मागवू शकतो, पाच नागरिकांची ज्यूरी बसवून उघड चौकशी करवू शकतो. परंतु अमुक मनुष्य दोषी आहे असे एक अक्षरही त्या ज्यूरीला उच्चारता येत नाही. मृत मनुष्य कोण, तो केव्हा, कोठे, कशाने आणि कोणत्या परिस्थितीत मेला, एवढेच तिने सांगावयाचे, आणि पुन्हा असा मृत्यू घडू नये म्हणून काय करावे याच्या शिफारशी लिहून द्यावयाच्या. पोलिसाची कथा बेडीपाशी संपते, वकिलाची कथा निकालापाशी संपते; कोरोनरच्या कथेच्या शेवटी उरतो तो शिफारशींचा एक कागद, जो सरकारने वाचावा किंवा फडताळात टाकून द्यावा. ओंटारियो प्रांताच्या कोरोनर कचेरीचे ब्रीद असे की, आपण मृतांच्या वतीने बोलतो ते जिवंतांच्या रक्षणासाठी. एवढे मोठे कर्तव्य आणि इतका तोकडा अधिकार ज्याच्या वाट्याला आला आहे, त्याच्या मनात जी तळमळ पेटते, तिच्यातच या दोन्ही मालिकांचे बीज आहे.

डॉ. मॉर्टन शुलमन हे १९६३ मध्ये महानगर टोरांटोचे मुख्य कोरोनर झाले. ओंटारियोत हे पद वैद्यांकडेच जाते, आणि शुलमन हे वैद्यच होते. परंतु त्यांची वृत्ती रोग्याची नाडी पाहून स्वस्थ बसणाऱ्याची नव्हती. रुग्णालयातील निष्काळजीपणापासून इमारतींच्या अग्निसुरक्षेपर्यंत जेथे जेथे टाळता येण्याजोगा मृत्यू त्यांना दिसला, तेथे तेथे त्यांनी चौकशी बसविली आणि तिचे वृत्त वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जाईल अशी व्यवस्थाही केली. असा अंमलदार वरिष्ठांना रुचत नाही, पण नाटककाराला तो हवाच असतो. फिलिप हर्श या लेखकाने त्यांच्यावरून स्टीव्ह वोजेक नावाचा कोरोनर निर्माण केला, रोनाल्ड वेमन यांनी निर्मितीची धुरा उचलली, आणि सप्टेंबर १९६६ मध्ये ‘वोजेक’ ही मालिका देशाच्या सार्वजनिक वाहिनीवरून, म्हणजे सीबीसीवरून, दिसू लागली.

तिचा पहिला भाग आजही विसरता येण्यासारखा नाही. मूळ रहिवाशांच्या वस्तीतून पोटासाठी टोरांटोत आलेला एक तरुण त्या अनोळखी शहरात पावलोपावली ठेचकाळत जातो आणि अखेर पोलिस कोठडीत गळफास लावून घेतो. ही भूमिका जॉनी येस्नो या मूळ रहिवासी समाजातीलच नटाने केली होती. दप्तराच्या दृष्टीने प्रकरण तेथेच मिटले होते: रकाना आत्महत्येचा, शब्द तयार, सही तेवढी बाकी. वोजेक सही करावयास नकार देतो असे नव्हे. सही करण्यापूर्वी तो विचारतो की, हा मुलगा त्या कोठडीपर्यंत आला कसा, आणि वाटेत किती दारे त्याच्या तोंडावर बंद झाली. रंगभूमीवरच्याप्रमाणे रंगविलेल्या पडद्यांपुढे नाटक उभे करण्याची तत्कालीन रीत सोडून, वार्तापटाच्या रीतीने कॅमेरा हातात धरून खऱ्या रस्त्यांवर केलेल्या त्या चित्रणामुळे प्रेक्षकाला आपण कथा पाहतो आहोत की आपल्याच शहराचा पंचनामा, हे सांगता येईना. नायक झालेले जॉन व्हर्नन उंचेपुरे, भरदार आवाजाचे, आणि संताप आला की तो आवाज जरा खालीच उतरविणारे नट होते.

यानंतर पडद्यावरच्या आणि पडद्याबाहेरच्या घटना अशा काही गुंतल्या की त्या वेगळ्या करता येऊ नयेत. मालिकेचा पहिला हंगाम लोकांच्या तोंडी असतानाच, १९६७ च्या वसंतात, सरकारी अखत्यारीतील एका रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेविषयी शुलमन यांनी जाहीर आक्षेप घेतले. परिणाम असा झाला की त्यांनाच पदावरून बडतर्फ करण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हे बडतर्फ कोरोनर न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे हाय पार्क मतदारसंघातून उभे राहिले आणि प्रांतिक विधिमंडळात निवडून आले. कचेरीतून केलेली शिफारस सरकारने मानली नाही, म्हणून सरकारला प्रश्न विचारण्याच्या सभागृहातच ते जाऊन बसले. मालिकेचे आयुष्य मात्र अल्प ठरले. दोन हंगाम आणि वीस भाग एवढ्यात ती संपली, कारण व्हर्नन यांना हॉलिवुडने बोलावून घेतले, आणि दोन वर्षांत ते हिचकॉकच्या चित्रपटात झळकू लागले. ज्याने देशाला आपला चेहरा दाखविला, तोच नट सीमेपलीकडे गेला.

सीमेपलीकडचे हे आकर्षण समजल्यावाचून कॅनडाच्या दूरचित्रवाणीचा इतिहास समजत नाही. त्या देशाची बहुसंख्य लोकवस्ती अमेरिकेच्या सरहद्दीलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात राहते. भाषा एक, वाहिन्या घरोघर दिसणाऱ्या, आणि अमेरिकेत खर्च भरून निघालेली तयार मालिका विकत घ्यावयाची तर ती स्वतः मालिका काढण्याच्या खर्चाच्या एका अल्पशा अंशात मिळणारी. अशा स्थितीत आपल्या शहराची, आपल्या कायद्याची, आपल्या कोरोनरची कथा सांगणे हे व्यापाऱ्याच्या खतावणीत तोट्याच्याच बाजूला पडते. याचा एक तोडगा १९८५ मध्ये ‘नाइट हीट’ या पोलिसमालिकेने काढला. ती टोरांटोत चित्रित झाली, अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर रात्री उशिरा दाखविली गेली, चार वर्षे उत्तम चालली. परंतु ज्या शहरात तिचे गुन्हे घडत, त्या शहराला कथेत नावच नव्हते. रस्ते टोरांटोचे, दिवे टोरांटोचे, पाऊस टोरांटोचा. नगराचे नाव मात्र कोणी घ्यावयाचे नाही, कारण अमेरिकेतील प्रेक्षकाला ते आपलेच कोणते तरी शहर वाटले पाहिजे.

व्हँकूव्हरच्या नशिबी तर हे बहुरूपीपण अधिकच आले. डोंगर, समुद्र, अरण्य आणि गगनचुंबी इमारती एका दिवसाच्या चित्रीकरणाच्या टापूत असल्यामुळे आणि कॅनडाचा डॉलर स्वस्त असल्यामुळे अमेरिकन निर्मात्यांची तेथे रीघ लागली. ‘एक्स-फाइल्स’ या गाजलेल्या मालिकेचे पहिले पाच हंगाम तेथेच चित्रित झाले आणि त्यांत त्या शहराने अमेरिकेतील नाना गावांची सोंगे घेतली. हजारो तंत्रज्ञ, प्रकाशयोजक आणि नट तेथे तयार झाले. स्वतःच्या शहराचे नाव पडद्यावर घेण्याची संधी मात्र त्यांपैकी थोड्यांनाच मिळाली. १९९८ मध्ये ‘एक्स-फाइल्स’चे बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात व्हँकूव्हर व्हँकूव्हर म्हणूनच राष्ट्रासमोर उभे राहिले. ‘दा विंचीज इन्क्वेस्ट’ ही ती मालिका, आणि क्रिस हॅडॉक हे तिचे जनक.

हॅडॉक यांच्यासमोर जो जिवंत नमुना होता, त्याचे नाव लॅरी कॅम्पबेल. ओंटारियोतील ब्रँटफर्ड गावी जन्मलेले हे गृहस्थ तरुणपणी रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांत भरती झाले, व्हँकूव्हरला येऊन अमली पदार्थविरोधी पथकात राबले, १९८१ मध्ये त्या शहराचे पहिले जिल्हा कोरोनर नेमले गेले आणि १९९६ मध्ये साऱ्या प्रांताचे मुख्य कोरोनर झाले. ब्रिटिश कोलंबियात कोरोनर वैद्यच असावा असा दंडक नाही. म्हणून तेथे या पदावर शस्त्रक्रियेच्या मेजापेक्षा रस्ता अधिक ओळखणारा मनुष्य बसू शकला. त्यांच्या आधीच्या काळातील कोरोनरची कचेरी ईस्ट कॉर्डोव्हा रस्त्यावर १९३२ साली बांधलेल्या इमारतीत होती. चौकशीचे न्यायालय, प्रेतागार, शवविच्छेदनाची खोली आणि शहराच्या रसायन-परीक्षकाची प्रयोगशाळा, हे सारे एका छताखाली. १९५९ मध्ये या शहरात अकस्मात मृत्यू पावलेल्या एरल फ्लिन या विख्यात नटाचे विच्छेदनही तेथेच झाले. १९८६ पासून त्या वास्तूत पोलिसांचे संग्रहालय आहे, आणि विच्छेदनाची ती खोली जशीच्या तशी राखलेली आहे. त्या इमारतीतून बाहेर पडून थोडे चालले की मेन आणि हेस्टिंग्स या दोन रस्त्यांचा चौक लागतो, आणि तो डाउनटाउन ईस्टसाइड नावाच्या त्या वस्तीचा गाभा आहे, जिच्यातून कोरोनरच्या मेजावर येणाऱ्या फायली कधी आटल्या नाहीत.

एके काळी लाकूडतोडे आणि खलाशी हंगाम संपल्यावर जेथे उतरत, त्या स्वस्त खाणावळींची आणि एकेका खोलीच्या हॉटेलांची ही वस्ती. १९९० च्या दशकात हेरॉइन आणि कोकेन यांनी तिला ग्रासले. प्रांताचे तत्कालीन मुख्य कोरोनर व्हिन्स केन यांनी १९९४ मध्ये अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंवर अहवाल लिहून व्यसनाकडे गुन्हा म्हणून न पाहता आजार म्हणून पाहावे अशी शिफारस केली. कागद फडताळात गेला. १९९७ मध्ये तेथील एचआयव्हीचा फैलाव पाहून स्थानिक आरोग्य मंडळाला सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. दप्तरात मात्र या मृत्यूंपुढे बहुधा एकच शब्द पडत होता: अपघाती.

मालिकेने या शब्दावरच बोट ठेवले. तिच्या पहिल्या तीन भागांवर एका खऱ्या प्रकरणाची छाया आहे. १९८० च्या दशकात शहरातील अनेक स्त्रिया, ज्यांतील बहुतेक मूळ रहिवासी समाजाच्या होत्या, मद्याच्या अतिरेकाने मृत्यू पावल्याची नोंद होत गेली; एकेका मृत्यूकडे सुटे पाहिले तर तो अपघातच वाटे. सारे कागद एकत्र ठेवल्यावर दिसले की त्यांतील कितीतरी जणींच्या शेवटच्या सोबतीला एकच केशकर्तनकार होता, आणि १९८८ मध्ये त्यांपैकी एका स्त्रीच्या मृत्यूबद्दल त्याला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. कोरोनरच्या कचेरीला स्वतःच्याच रकान्याची लाज वाटावी असे हे प्रकरण. हॅडॉक यांनी मालिकेचा आरंभ त्या जातीच्या कथेने केला, यातच तिचा सारा पुढचा मार्ग ठरला.

नायक डॉमिनिक दा विंची निकोलस कॅम्पबेल यांनी साकारला. लॅरी कॅम्पबेल यांच्याशी त्यांचे नाते आडनावापुरतेच. हा कोरोनर मद्यपी होता, घटस्फोटित होता, आणि वरिष्ठांशी भांडताना त्याचा तोल अनेकदा सुटे. पण फाइल मिटवण्याची घाई त्याला कधी नसे. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. सनी रामेन यांची भूमिका केरळात जन्मलेल्या सुलेखा मॅथ्यू यांची होती. डॉनेली ऱ्होड्स यांनी थकलेला आणि तरीही जागा असलेला वृद्ध गुप्तहेर उभा केला, इयन ट्रेसी यांनी त्याचा तरुण सहकारी. लेखनाची रीत अशी की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत, वाक्ये अर्धी सोडत, चहा-कॉफीच्या गोष्टीतून खुनाच्या गोष्टीकडे आणि पुन्हा परत वळत, जशी कोणत्याही कचेरीतील माणसे वळतात. अनेक प्रकरणे शेवटपर्यंत सुटतच नसत. शहराचा भिजलेला रस्ता, मागल्या गल्ल्यांतील कचराकुंड्या, बंदरावरच्या क्रेन हे सारे आपल्या खऱ्या नावानिशी तेथे होते. लॅरी कॅम्पबेल स्वतः सल्लागार म्हणून लेखकांच्या बैठकीत बसत आणि काही भागांचे सहलेखनही त्यांनी केले. त्यामुळे फॉर्म कसा भरतात, प्रेताजवळ गेल्यावर कोरोनर प्रथम काय पाहतो, आईला बातमी कशी सांगतात, या गोष्टी अनुभवी हाताने लिहिल्या गेल्या. १९९९ मध्ये नियामक मंडळाने खासगी वाहिन्यांवरील नाट्यनिर्मितीची बंधने सैल केली आणि त्या स्वस्त कार्यक्रमांकडे वळल्या. ही मालिका सार्वजनिक वाहिनीच्या आश्रयाने सात हंगाम, एकूण ९१ भाग, टिकून राहिली.

या काळातच त्या वस्तीवर आणखी एक भीषण सावट पडले होते. रस्त्यावर देहविक्रय करून जगणाऱ्या स्त्रिया एकामागून एक नाहीशा होत होत्या. त्यांच्या आया, बहिणी, मैत्रिणी पोलिस ठाण्याच्या पायऱ्या झिजवीत होत्या, आणि त्यांना उत्तर मिळे की अशा बायका गाव सोडून जातातच. १९९९ मध्ये अखेर एक भित्तिपत्रक निघाले. त्यावर ओळीने मांडलेली ३१ स्त्रियांची लहान लहान छायाचित्रे होती आणि माहिती देणाऱ्यास एक लाख डॉलरांचे बक्षीस जाहीर केलेले होते. येथे कोरोनरच्या पदाची मर्यादा फार क्रूरपणे उघडी पडते. कोरोनरचे दप्तर उघडते ते प्रेत सापडल्यावर. या स्त्रियांची प्रेते नव्हती. म्हणून फाइल नव्हती, चौकशी नव्हती, पाच शब्दांतला एकही शब्द त्यांच्या वाट्याला आला नव्हता. खऱ्या कचेरीला जो प्रश्न कायद्याने विचारता येत नव्हता, तो कल्पित कोरोनर आठवड्यातून एकदा साऱ्या राष्ट्रापुढे विचारीत होता: या बायका गेल्या कोठे? फेब्रुवारी २००२ मध्ये पोर्ट कोक्विटलम येथील एका डुक्करपालन केंद्राची झडती सुरू झाली, आणि उत्तर जमिनीतून वर येऊ लागले. मालकाला २००७ मध्ये सहा हत्यांबद्दल शिक्षा झाली. पुढे माजी न्यायमूर्ती वॉली ओपल यांच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये नोंदविले की, या स्त्रियांना पोलिसांनी आणि समाजाने दोघांनीही वाऱ्यावर सोडले होते. मालिकेने तो खुनी पकडला नाही. ते तिच्या हाती नव्हते. ज्या काळात ऐकण्यास कोणी तयार नव्हते, त्या काळात तिने त्या प्रश्नाला उच्चार दिला, एवढे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

लॅरी कॅम्पबेल २००० मध्ये कोरोनरपदावरून निवृत्त झाले, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये शुलमन यांची वाट, कदाचित नकळत, त्यांनीही धरली. ‘कोप’ या डाव्या नागरी आघाडीतर्फे ते महापौरपदाला उभे राहिले आणि मोठ्या बहुमताने निवडून आले. मतदारांनी मत कोणाला दिले, लॅरींना की दा विंचीला, असे तेव्हा विचारले जाई. आणि पडद्यावरच्या प्रतिमेने त्यांना हात दिला हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्या विषयावर ती निवडणूक झाली, तो कोणा एकाचा नव्हता. आधीचे महापौर फिलिप ओवेन यांनी प्रतिबंध, उपचार, हानिनियंत्रण आणि अंमलबजावणी अशा चार खांबांचे धोरण पुढे आणून स्वतःच्या पक्षाचा रोष ओढवून घेतला होता. व्यसनग्रस्तांनी स्वतःच संघटना बांधून रस्त्यावर आंदोलन केले होते. केन यांचा अहवाल होताच. कोरोनर पिढ्यान्‌पिढ्या जी शिफारस लिहीत आले, ती अमलात आणण्याची मुखत्यारी प्रथमच एका कोरोनरच्या हाती आली, हे या प्रसंगाचे खरे वैशिष्ट्य.

सप्टेंबर २००३ मध्ये ईस्ट हेस्टिंग्स रस्त्यावर ‘इनसाइट’ उघडले. उत्तर अमेरिकेतील हे पहिले कायदेशीर, देखरेखीखालील टोचणी-केंद्र. आत बारा कप्पे, प्रत्येकात एक स्वच्छ पाट आणि समोर आरसा. मागे परिचारिका उभी. मनुष्य आपले विष आपल्यासोबत आणतो, सुई मात्र निर्जंतुक मिळते, आणि श्वास मंदावला तर धावून येणारे कोणी तरी जवळ असते. दरम्यान पडद्यावरचा दा विंचीही आपल्या मूळ पुरुषामागोमाग महापौर झाला. २००५ मध्ये ‘दा विंचीज सिटी हॉल’ सुरू झाली, पण तेरा भागांनंतर वाहिनीने ती बंद केली. त्याच वर्षी लॅरी कॅम्पबेल यांची सिनेटवर नेमणूक झाली. कथा आणि इतिहास सात वर्षे हातात हात घालून चालले, आणि एका वळणावर शांतपणे वेगळे झाले.

केंद्र सरकारने पुढे ‘इनसाइट’ बंद करण्याचा प्रयत्न केला तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०११ मध्ये नऊही न्यायाधीशांनी एकमताने केंद्र चालू ठेवण्याचा हुकूम दिला. तोवर त्या बारा कप्प्यांत हजारो माणसे असंख्य वेळा बसून उठून गेली होती; कित्येकांचा श्वास अडला होता, आणि तो परत आणला गेला होता. अतिमात्रेने तेथे मृत्यू मात्र एकही घडला नव्हता. या साऱ्या हकिकतीत कोरोनरच्या दप्तराला दोन प्रकारचे कोरे रकाने भेटतात. एक त्या नाहीशा झालेल्या स्त्रियांचा, जो भरावयास वर्षानुवर्षे कोणी पुढे आले नाही. आणि दुसरा हेस्टिंग्स रस्त्यावरील त्या खोलीचा, ज्यात पाचांपैकी एकही शब्द लिहिण्याची पाळी आली नाही.